‘कायदेशीर मान्यता’ : एका शब्दप्रयोगाचा इतिहास

१

‘वेश्याव्यवसायाला कायदेशीर मान्यता द्यावी का?’ हा प्रश्न मराठीत इतक्या वेळा आणि इतक्या ठरावीक शब्दांत विचारला गेला आहे की, त्याची शब्दयोजना तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. वक्तृत्वस्पर्धांत, अग्रलेखांत, परिसंवादांत तो याच रूपाने येतो आणि त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक असावे, अशी अपेक्षा असते. प्रस्तुत निबंधाचा विषय हे उत्तर नसून या प्रश्नाची भाषा हा आहे. ती भाषा मुंबईच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात कशी घडली आणि तिने काय झाकले, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

‘मान्यता’ या शब्दात दोन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे की, हा व्यवसाय आज कायद्याने निषिद्ध आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९५६ च्या मूळ कायद्याने, आणि १९८६ च्या दुरुस्तीनंतर अनैतिक व्यापार (प्रतिबंधक) अधिनियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच कायद्याने, कुंटणखाना चालविणे, दुसऱ्याच्या देहविक्रयावर जगणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाइकाला खुणावणे ही कृत्ये गुन्हा ठरवली. प्रौढ स्त्रीने स्वतःच्या इच्छेने देहविक्रय करणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा नाही. दुसरे गृहीतक असे की, ‘मान्यता’ ही एकच गोष्ट आहे. प्रत्यक्षात या शब्दाखाली दोन भिन्न धोरणे एकत्र कोंबली जातात. एक नियमनाचे : परवाना, नोंदणी, ठरावीक वस्ती, सक्तीची वैद्यकीय तपासणी. दुसरे निरपराधीकरणाचे : या स्त्रियांच्या जगण्याभोवतीची दंडात्मक कलमे काढून घेणे आणि त्यांना इतर नागरिकांच्या पंक्तीला आणणे. पहिल्यात शासनाचा हात स्त्रीच्या देहापर्यंत पोहोचतो, तर दुसऱ्यात तो मागे घेतला जातो. या दोन्हींना एकच नाव देणारी भाषा वाद सुरू होण्यापूर्वीच तो बिघडवून टाकते. तिसरे धोरण, म्हणजे निर्मूलन, ‘नाही’ या उत्तरात सामावले आहे, असे मानले जाते. परंतु त्याचाही इतिहास वाटतो तितका सरळ नाही.

२

मुंबईने नियमनाचा प्रयोग एकदा करून पाहिला आहे, ही गोष्ट आजच्या चर्चेत क्वचितच आठवली जाते. इंग्लंडमध्ये १८६४, १८६६ आणि १८६९ साली संसर्गजन्य रोगांचे कायदे झाले. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८६८ चा चौदावा कायदा आला. सैनिक आणि खलाशी यांच्या आरोग्याची चिंता हे त्यामागचे उघड कारण होते. या कायद्याने स्त्रीने आपले नाव नोंदवावे, ठरावीक मुदतीने तपासणीस हजर राहावे, रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’ या नावाच्या रुग्णालयात बंदिस्त व्हावे आणि यांत कसूर केल्यास शिक्षा भोगावी, असे ठरले. ज्या पुरुषांच्या रक्षणासाठी हे सारे होते, त्यांची तपासणी मात्र कायद्यात नव्हती.

मुंबई शहरात हा कायदा १८७० मध्ये अमलात आला. खर्चाच्या वाट्यावरून सरकार आणि नगरपालिका यांचे जमेना, आणि १८७२ मध्ये तो थांबला. १८८० मध्ये तो पुन्हा लागू झाला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. दरम्यान इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांच्या चळवळीमुळे मूळ कायदे १८८६ मध्ये रद्द झाले होते. मुंबईतील प्रयोगाच्या अपयशाचे कारण मात्र केवळ विलायतेत शोधून चालणार नाही. ज्या स्त्रियांची नोंद व्हावयाची, त्यांपैकी फारच थोड्या पुस्तकात आल्या. कोणी घर बदलले, कोणी शहर सोडले, कोणी आपण एकाच पुरुषाच्या आश्रयास असल्याचे सांगितले. येथे प्रतिकाराची भाषणे किंवा पत्रके नाहीत. नोंदवहीतील रिकामी जागा हाच या स्त्रियांचा शिल्लक राहिलेला पुरावा होय.

सत्ता केवळ दडपत नाही. ती नोंदवते, वर्गवारी करते आणि त्या वर्गवारीतून नवीन प्रकारची व्यक्ती निर्माण करते, हे फूकोचे विवेचन आता आपल्या समीक्षेत रुळले आहे. मुंबईच्या नोंदवहीने नेमके हेच केले. त्यापूर्वी मराठी समाजात कलावंतीण, नायकीण, मुरळी, भावीण, जोगतीण, रखेली असे निरनिराळे शब्द होते. त्यांतील प्रत्येकाला स्वतःची जात, देवस्थान, कला आणि आश्रयदाता होता. नोंदवहीत या सर्वांसाठी एकच रकाना होता. या भिन्न जीवनक्रमांचे एकाच ‘वेश्या’ या प्रशासकीय पदात झालेले विलयन हा नियमनाचा सर्वांत टिकाऊ परिणाम म्हणावा लागेल. कायदा १८८८ मध्ये गेला. रकाना मात्र राहिला.

३

कायदा मुंबईत दुसऱ्यांदा लागू होता, त्याच काळात, १८८२ साली, ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात छापले गेले. विधवेवर झालेल्या दोषारोपाच्या निमित्ताने लिहिलेल्या या पुस्तकात वेश्यांचाही प्रश्न येतो आणि तो नोंदवहीच्या नेमका उलट बाजूने येतो. या स्त्रिया कोठून आल्या, त्यांना घराबाहेर कोणी काढले, याचा जाब ताराबाई पुरुषाला विचारतात. मुंबईचा कायदा तपासणीच्या खोलीत स्त्रीला उभा करीत होता. ताराबाईंच्या गद्यात त्या जागी पुरुष उभा आहे. या दोन संहितांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध दाखविता येत नाही, आणि तसा दावाही येथे नाही. परंतु एकाच दशकातील या दोन भाषा शेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे कायद्याच्या भाषेत कर्ता कोण आणि कर्म कोण, हे स्पष्ट होते.

यापुढचे पाऊल शिवूबाईंच्या लेखनात दिसते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले आणि मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध मोहीम उघडली. त्यांच्या आवाहनाला उत्तर म्हणून, स्वतः मुरळी असलेल्या शिवूबाईंचे पत्र १९०९ मध्ये त्या पत्रात छापले गेले. पुढे कांबळे यांच्या एका सहकाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. दलित स्त्रीच्या आरंभीच्या छापील लेखनात या पत्राची गणना होते. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी एक आहे. तोपर्यंतच्या सुधारणेच्या भाषेत ‘पतितोद्धार’ हा प्रधान शब्द होता. या समासात पतित हे कर्म आहे आणि उद्धार करणारा कर्ता अध्याहृत आहे. शिवूबाईंच्या पत्रात प्रथमपुरुषी क्रियापद आले, आणि हा समास निदान काही काळापुरता मोडला.

४

‘सफेद गल्ली’, फोरास रोड, फॉकलंड रोड, पिला हाऊस, गोलपिठा ही नावे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या नकाशावर पक्की झाली होती. तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांच्या नावाने ओळखली जाणारी कामाठीपुऱ्याची वस्ती हळूहळू एकाच धंद्याचे नाव होऊन बसली. ‘प्रतिष्ठित’ रस्त्यांवरून स्त्रियांना हटवावे, अशा रहिवाशांच्या तक्रारी आणि त्यांना एका भागात गोळा करण्याची पोलिसी सोय यांतून ही वस्ती घट्ट होत गेली. परवान्याचा कायदा नसतानाही नियमन चालू होते. फरक इतकाच की, त्याची जबाबदारी कोणावरही नव्हती.

त्या बेजबाबदारीचा अर्थ १९१७ साली उघड झाला. डंकन रोडवरील (आताचा मौलाना आझाद रोड) एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या स्त्रीने पळून जाण्याचा प्रयत्न केला. तिला परत आणून तिचा इतका छळ करण्यात आला की, त्यात तिचा मृत्यू झाला. चालकांवर खटला होऊन त्यांना शिक्षा झाल्या. या खटल्यात त्याच घरातील इतर स्त्रियांनी साक्षी दिल्या. कर्ज, मारहाण, बंद दारे यांची जी माहिती पुढे आली, ती त्या साक्षींतून. साक्ष ही स्वेच्छेने केलेली अभिव्यक्ती नव्हे. ती प्रश्नोत्तरांच्या साच्यात, दुभाष्याच्या आणि कारकुनाच्या हातून उतरते. तरीही १८७० च्या नोंदवहीत ज्यांचे फक्त नाव मावत होते, त्यांचे वाक्य येथे प्रथमच सरकारी कागदावर आले.

या खटल्यानंतर लोकमत ढवळले. १९२१ मध्ये शासकीय समितीचा अहवाल आला, आणि १९२३ मध्ये मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. त्याचे लक्ष्य मुख्यत्वे दलाल, स्त्रिया आणणारे आणि त्यांच्या कमाईवर जगणारे हे होते. पुढील दुरुस्त्यांनी कुंटणखान्यांविरुद्धची तरतूद अधिक कडक केली. नियमनाकडून निर्मूलनाकडे झालेले हे वळण राष्ट्रसंघाच्या स्त्रीव्यापारविरोधी प्रयत्नांशी सुसंगत होते. परंतु खुणावण्याचे कलम याच कायद्यात होते, आणि रस्त्यावर उभी असलेली बाई पकडणे हे घराच्या आत बसलेला मालक पकडण्यापेक्षा नेहमीच सोपे असते. निर्मूलनाचा कायदा त्यामुळे व्यवहारात स्त्रीविरुद्धच अधिक चालला. अकूताईच्या मृत्यूतून जन्मलेल्या कायद्याचे हे वळण विसरता येण्याजोगे नाही.

५

१९३० नंतरच्या मराठी विचारविश्वात या प्रश्नावर दोन स्वतंत्र भूमिका दिसतात, आणि त्यांपैकी कोणतीही ‘होय–नाही’च्या चौकटीत बसत नाही. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मधून (१९२७–१९५३) आणि ‘वेश्याव्यवसाय’ (१९४०) या पुस्तकातून हा प्रश्न पापाच्या परिभाषेतून बाहेर काढला. त्यांना तो आरोग्याचा, व्यक्तिस्वातंत्र्याचा आणि विवाहसंस्थेच्या ढोंगाचा प्रश्न वाटत होता. आजचे ‘निवडीचे स्वातंत्र्य’ हे सूत्र मराठीत आणण्याचे श्रेय कोणाला द्यावयाचे झाल्यास ते कर्व्यांना द्यावे लागेल.

दुसरी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर, जून १९३६ मध्ये, परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, पोतराज, जोगतिणी आदींची सभा झाली. धर्मांतराच्या पाठिंब्यासाठी भरलेल्या या सभेत त्यांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना तो जीवनक्रम सोडून देण्याचे कठोर आवाहन केले. आजच्या वाचकाला त्या आवाहनाची कठोरता खटकू शकते. दोष स्त्रीकडे जातो, तिच्या उपजीविकेचा प्रश्न मागे राहतो, हा आक्षेप निराधारही नाही. परंतु ते आवाहन पतितोद्धाराच्या परंपरेतील नव्हे. ते एका अशा समाजाला उद्देशून होते, ज्याच्या स्त्रियांचा देह जातिव्यवस्थेने आधीच देवाला, पाटलाला आणि बाजाराला वाटून दिला होता. ज्याला कर्वे ‘निवड’ म्हणतील, ती निवड कोणापुढे ठेवली जाते आणि कोणापुढे कधीच ठेवली जात नाही, हा आंबेडकरांचा प्रश्न होता. १९३४ च्या देवदासी संरक्षण कायद्याने देवाला वाहण्याची चाल बेकायदा ठरवली खरी. पण जात आणि देहविक्रय यांच्या नात्याला कायद्याची भाषा स्पर्श करू शकत नव्हती.

कर्वे आणि आंबेडकर यांच्या भूमिकांमध्ये जे अंतर आहे, तेच आजच्याही वादाचे खरे अंतर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते नैतिक आणि अनैतिक यांच्यामधले अंतर नव्हे.

६

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला, तेव्हा विजय तेंडुलकरांनी त्याच्या प्रस्तावनेत आपल्याला न कळलेल्या शब्दांची दीर्घ यादी दिली आणि त्यांचे अर्थ कवीकडून समजून घेतल्याचे नोंदवले. एम.ए.च्या वर्गात हा संग्रह शिकवताना ती यादी आजही विद्यार्थ्यांना कवितेइतकीच थांबवते. तिचा अर्थ केवळ बोलीच्या अपरिचयापुरता नाही. ज्या वस्तीसंबंधी शंभर वर्षे कायदे, समित्या, अहवाल होत होते, त्या वस्तीची भाषा मराठी वाचकाला ठाऊकच नव्हती, याची ती कबुली आहे. बाबुराव बागुलांच्या ‘सूड’मधील जानकी, एका वेश्येची मुलगी, स्त्रीपणच नाकारू पाहते, तेथेही धोरणाचा प्रश्न देहाच्या अस्तित्वाच्या प्रश्नापर्यंत खोल जातो. मात्र या दोन्ही श्रेष्ठ कृतींत त्या स्त्रीचे शब्द पुरुष लेखकाच्या हातून येतात, याची नोंद समीक्षेने केली पाहिजे.

एड्सच्या भीतीने १८७० पुन्हा परतून आले. महाराष्ट्रात १९९४ मध्ये वेश्यांच्या ‘संरक्षणा’चे म्हणून एक विधेयक तयार झाले. त्यात सक्तीची नोंदणी व तपासणी होती, आणि रोगबाधित स्त्रीच्या अंगावर न पुसली जाणारी शाई लावण्याचीही तरतूद होती. विरोधामुळे ते कायद्यात उतरले नाही. परंतु ‘मान्यता द्या’ असे म्हणणाऱ्या कित्येक सुजाण लोकांच्या मनात जे चित्र असते, ते यापासून फार दूर नसते. नियमन हे दयेच्या भाषेत बोलते आणि स्त्रीच्या देहावर लिहिते. शाईची ती तरतूद या दृष्टीने अपवाद नसून नियमनाच्या तर्काची परिणती होती. निर्मूलनाचीही परीक्षा याच दशकात झाली. फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या पुढाकारानंतर कामाठीपुरा परिसरातून चारशेहून अधिक मुली सोडवण्यात आल्या. त्यांत नेपाळच्या मुलींची संख्या मोठी होती. अल्पवयीन मुलींची सुटका आवश्यक होती, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही; पण सुटकेनंतर त्यांनी कोठे आणि कसे जगावे, याचे उत्तर तयार नव्हते.

त्याच वर्षी सांगलीत एक वेगळी संज्ञा घडली. १९९२ पासून तेथे काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेच्या कार्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. या नावाचा विग्रह लक्षपूर्वक करावा. सुधारकांच्या परिभाषेत ‘वेश्यामुक्ती’ म्हणजे वेश्यापणापासून मुक्ती. येथे ‘वेश्या’ आणि ‘मुक्ती’ यांच्यामध्ये ‘अन्याय’ हा शब्द येऊन बसला, आणि मुक्ती कशापासून हवी, ते बदलले. ‘वेश्या’ हा हिणकस ठरलेला शब्द टाकून न देता तो स्वतःच्या नावात घेण्याची कृतीही तितकीच अर्थपूर्ण आहे. या परिषदेची मागणी परवान्याची नाही; दंडात्मक कलमांपासून सुटकेची आहे. नोंदवहीचा इतिहास ज्यांच्या देहावर घडला, त्यांना ‘मान्यता’ या शब्दातील दोन अर्थ वेगळे करावयास कोणी शिकवावे लागले नाही.

७

प्रस्तुत लेखक राहतो त्या मनोरी गावाच्या आणि मालाडच्या मार्वे किनाऱ्याच्या मध्ये एक खाडी आहे. होडीने ती काही मिनिटांत ओलांडता येते. १८७० मध्ये हे गाव ठाणे जिल्ह्यात, म्हणजे शहराच्या नोंदवहीच्या हद्दीबाहेर होते. आता शहर उपनगरांत पसरले आहे, कामाठीपुऱ्याची वस्ती विरळ झाली आहे आणि हा प्रश्न खाडीच्या पलीकडच्या काठावर आला आहे. मालाडच्या एका अतिथिगृहातील कारवाईत ताब्यात घेतलेल्या तीन तरुण स्त्रियांना दंडाधिकाऱ्यांनी सुधारगृहात ठेवण्याचा आदेश दिला होता. त्या ज्या जमातीच्या होत्या, तिच्यात मुलींना या धंद्यात घालण्याची चाल असल्याच्या कारणावरून त्यांना आयांच्या ताब्यातही दिले गेले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तो आदेश रद्द केला. देहविक्रय हा कायद्याने स्वयमेव गुन्हा नाही, या स्त्रिया सज्ञान आहेत आणि त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना डांबून ठेवता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या एका प्रकरणात कर्वे आणि आंबेडकर समोरासमोर येतात. न्यायालयाने सज्ञान स्त्रीची इच्छा मानली, आणि ते योग्यच झाले; कारण दुसरा मार्ग भिंतीआड नेणारा होता. पण जमातीच्या चालीचा प्रश्न त्या निर्णयाने सुटला नाही, आणि तो न्यायालयाने सोडवावा, अशी अपेक्षाही नाही. १८७० च्या नोंदवहीने जात पुसून सर्वांना एका रकान्यात घातले होते; येथे जातीच्या नावाने स्वातंत्र्य नाकारले जात होते. जातीचा विचार स्त्रीच्या बाजूने करणारी कायद्याची भाषा अद्याप घडावयाची आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ च्या आदेशात पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, वृत्तमाध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये, त्यांना आधारपत्र मिळावे, असे निर्देश दिले. समितीच्या काही शिफारशींना केंद्र सरकारची हरकत राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या पुस्तिकेने जुन्या शब्दांऐवजी ‘सेक्स वर्कर’ हा शब्द सुचवला. काही संस्थांनी आक्षेप घेतल्यावर त्या जागी मानवी व्यापारातून सुटलेली, अथवा या व्यवहारात असलेली वा ढकलली गेलेली स्त्री, अशी शब्दयोजना झाली. श्रम की शोषण, हा वाद न्यायालयाच्याही शब्दकोशात मिटलेला नाही. जगातही तो मिटलेला नाही. स्वीडनने १९९९ मध्ये गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवले, न्यूझीलंडने २००३ मध्ये निरपराधीकरण केले, आणि जर्मनीने २००२ मध्ये व्यवसायाचे करार वैध मानून २०१७ मध्ये पुन्हा नोंदणी आणली.

आपल्याकडे खुणावण्याच्या कलमात स्त्रीला पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पुरुषाला सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. प्रश्न ‘मान्यते’चा आहे, असे मानणाऱ्याला हे कलम दिसतच नाही, कारण त्याच्या वाक्यात फक्त व्यवसाय आहे, स्त्री नाही. त्याच वाक्याची पुनर्रचना करून विचारले की, ‘या स्त्रीविरुद्धची कोणती कलमे आज उठवता येतील, आणि तिला येथे आणणाऱ्या व्यवस्थेविरुद्धची कोणती कलमे खऱ्या अर्थाने चालवता येतील?’, तर ‘होय’ किंवा ‘नाही’ हे उत्तर पुरत नाही. कलमागणिक विचार करावा लागतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने कायदा करावयाचा नसतो. मात्र कर्ता कोणाला करावे आणि कर्म कोणाला, हे वाक्यरचनेचे प्रश्न आहेत, आणि ते आपल्या कक्षेबाहेरचे नाहीत.